थांबू या, असं मी म्हटलं होतं

दादा,

मागच्या आठवड्यात मी त्या म्युझियममध्ये जाऊन आले. ठरवून गेले नव्हते. तुमच्या नातीची प्रवेश परीक्षा होती आणि तिचं केंद्र थेट मुंबईत आलं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी ती झाली. दुपारी दीड वाजता तिला फाटकातून आत सोडलं आणि तिथल्या माणसाने सांगितलं, आता पाचलाच या. मे महिना. रस्त्याच्या कडेला आम्ही आईबाप रुमाल, वर्तमानपत्रं, जे हाताला लागेल ते डोक्यावर धरून उभे. शेजारची बाई म्हणाली, "इथे कशाला तापत बसता? पुढच्या वळणावर म्युझियम आहे, आत गार असतं. मी दरवेळी तिथेच जाऊन बसते." मी हो म्हटलं आणि तिथेच उभी राहिले. पुढचं वळण मला माहीत होतं. अडतीस वर्षांत तीन-चार वेळा त्या बाजूला कामं निघाली आणि प्रत्येक वेळी मी लांबच्या रस्त्याने गेले. पण अर्ध्या तासाने डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा वाटलं, पोरीला पाच वाजता न्यायचंय, इथे पडून चालणार नाही. म्हणून गेले.

तुम्हाला मी बाबा कधी म्हटलंच नाही. आत्या तुम्हाला दादा म्हणायची, ते ऐकून मीही दादा म्हणायला लागले आणि कुणी सुधारलं नाही. त्या वर्षी आपण आत्याकडे उतरलो होतो. टेकडीच्या उतारावर तिची पत्र्याची खोली. मी चौथी पास झाले होते आणि गावात सगळ्या मुलींना सांगून आले होते की आम्ही सुट्टीत मुंबईला चाललोय. मला तुम्ही तसंच सांगितलं होतं. आईला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, चार दिवस ती तिथे राहील, आपण तोवर मुंबई बघू. चौकच्या गॅरेजमधून तुम्ही रजा घेतलीत, तुमचे दोन्ही चांगले शर्ट पिशवीत भरलेत. डॉक्टरांनी कागदावर पेनाने आईचं हृदय काढून दाखवलं, त्यातली एक झडप नीट मिटत नाही म्हणाले. बाहेर आल्यावर तुम्ही आत्याला सांगितलंत, "वॉल बसत नाय तिचा. रगत मागं जातंय." आत्याला काही कळलं नाही. तिने विचारलं, "म्हंजे बरं होईल ना?" तुम्ही म्हणालात, "इंजिनाचं वॉल आमी घासून बसवतो. ह्ये पन काहीतरी करतील." मी तुमच्या बोटाला धरून उभी होते. मला वाटलं, दादांना येतं ते डॉक्टरांना येणारच. तुम्ही आयुष्यभर ट्रकची इंजिनं खोललीत. वॉल गेला की इंजिनाचं काय होतं हे त्या घरात तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

दवाखान्याचा नियम असा, की बारा वाजता सगळ्यांना बाहेर काढायचे आणि चारला पुन्हा आत सोडायचे. आत्या दुपारी लोकांच्या घरी पोळ्या करायला जायची. तिच्या खोलीत दुपारी थांबणं शक्यच नव्हतं, पत्रा इतका तापायचा की भांड्यातलं पाणी कोमट व्हायचं. पहिल्या दोन दुपारी आपण दवाखान्यासमोरच्या झाडाखाली बसून काढल्या. दुसऱ्या दिवशी माझा घोळणा फुटला, फ्रॉकवर रक्त सांडलं, तुम्ही घाबरून माझं डोकं मागे धरलंत. सरबतवाल्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "पोरीला उन्हात कशाला बसवता? त्या म्युझियममध्ये न्या. मोठी दगडी इमारत आहे, आत गार असतं." तुम्ही विचारलंत, "आपल्याला सोडतील का आत?"

सोडलं त्यांनी. दारात तुम्ही चपला काढल्यात, माझ्याही काढायला लावल्यात. तिथला पहारेकरी, पिकलेल्या मिशांचा, खाकी कपड्यातला, हसला. "घाला हो घाला. देऊळ नाही हे." तरी पहिल्या दिवशी तुम्ही दगडी मूर्तींसमोरून चालताना हात जोडत होतात. आत खरोखर गार होतं, दादा. जाड भिंती, उंच छत, वर फिरणारे लांब दांड्याचे पंखे, आणि पायाखालची फरशी अशी की मी गुपचूप चप्पल काढून पाय टेकवायची. दुसऱ्या दिवशी त्या पहारेकऱ्याने आपल्या पिशवीकडे बघून विचारलं, "कुठले तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "चौक. खालापूरकडचं." तो म्हणाला, "वाटलंच. सुकटीचा वास आला. मी रोह्याचा." मग त्याने आपल्याला मागच्या बाजूच्या व्हरांड्यात बसून भाकरी खाऊ दिली आणि कोण आजारी आहे म्हणून विचारलं. आपण न सांगता त्याला कसं कळलं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मे महिन्यात दुपारची इथं येणारी निम्मी माणसं दवाखान्यातलीच असतात, बाय. चार वाजायची वाट बघतात."

चार दिवसांचे दहा-बारा झाले. रोज चार वाजता फाटक उघडलं की आपण जिने चढून वर जायचो. आईची खाट खिडकीकडून तिसरी. तिला बोलताना धाप लागायची, म्हणून ती मलाच बोलायला लावायची. "आज काय बघितलंस?" मी पेंढा भरलेला वाघ सांगितला, काचेतले मासे सांगितले, डोकं नसलेल्या दगडी बायका सांगितल्या. ती माहेरची आठवण काढून म्हणाली, "आमच्या कोंडान्याच्या लेन्यात पन हायत की दगडाची मानसं. आमी उन्हाळ्यात गुरं सोडून तिथंच बसायचो. आत कसं गार असतं." मग म्हणाली, "तुला न्यायची राहिली गं." बाजूच्या खाटेवर पनवेलकडची एक म्हातारी होती, तिलाही माझ्या गोष्टी ऐकायची सवय लागली. आई तिला अभिमानाने सांगायची, माझी पोर रोज म्युझियम बघते. एकदा निघताना तिने माझा गाल धरून सांगितलं, "नीट बघून येत जा. मला जाता येत नाय ना."

तुम्हाला मूर्तींपेक्षा आवडायचं ते वरच्या मजल्यावरचं एक काचेचं कपाट. त्यात वाफेच्या इंजिनाचं लहानसं मॉडेल होतं, पितळेचं, माझ्या शाळेच्या दप्तराएवढं. बाहेरची मूठ फिरवली की आतली चाकं फिरायला हवीत, पण फिरत नव्हती. वर पाटी लावलेली, बंद आहे. तुम्ही रोज तिथे वाकून बघत बसायचात. एके दिवशी मला जवळ घेऊन बोट दाखवलंत. "ती बघ. खाली कोपऱ्यात. पिन पडलीय. तेवढी बसवली की चालेल." मला ती दिसायलाच किती वेळ लागला. पहारेकऱ्याला तुम्ही सांगितलंत, त्याने वर कुणाला तरी सांगितलं. आणि मग तो दिवस आला.

त्या दिवशी साडेतीनला आपण निघालो होतो. मी पाण्याची बाटली भरून घेतली होती. जिन्याजवळ पहारेकरी मागून आला. "अहो, थांबा जरा. आमचा मिस्त्री आलाय. कपाट उघडतोय. तुम्ही सांगितलेली पिन कुठली ती दाखवा." तुम्ही म्हणालात, "नाय, आता नको. चारला सोडतात. उद्या बघू." तो म्हणाला, "उद्या मिस्त्री नाही यायचा. आता आला तो पुन्हा पावसाळ्यानंतर." तुम्ही तरी नाहीच म्हणालात आणि पायरी उतरलात. मी म्हटलं, "दादा, थांबू या." तुम्ही म्हणालात, "आय वाट बघत आसंल." मी म्हटलं, "थोडंच थांबू या ना. रोज तर जातो." आणि मी खाली फरशीवर बसले. मांडी घालून, जिन्याच्या तोंडाशी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, वरच्या मजल्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "दहा मिनिटं. त्याच्या वर नाय."

पिन वाकलेली होती. मिस्त्री नवी आणायला निघाला तर तुम्ही म्हणालात, द्या इकडे. शर्टाच्या बाह्या वर करून तुम्ही खाली बसलात, लोखंडी ठोकळ्यावर पिन ठेवून लहान हातोडीने इतकी हळू सरळ करत होतात की आवाजही येत नव्हता. मी तुम्हाला गॅरेजमध्ये कितीदा पाहिलं होतं, तेलाने माखलेले, ट्रकखाली पाय तेवढे दिसणारे, मालक ओरडतोय आणि तुम्ही हो हो म्हणताय. इथे कुणी ओरडत नव्हतं. बघायला आलेली माणसं गोल करून उभी राहिली. मिस्त्री स्वतः मागे सरून उभा होता आणि तुम्ही हात पुढे केलात की तुम्हाला हवी ती वस्तू हातात ठेवत होता. पिन बसली, तुम्ही एक थेंब तेल सोडलंत, आणि मला म्हणालात, "फिरव." मी मूठ फिरवली. आधी थोडी अडली, मग दांडा पुढे आला, मागे गेला, आणि मोठं चाक फिरायला लागलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हसलात, दादा. तोंड भरून, मान मागे टाकून. मग तुम्ही भिंतीवरच्या घड्याळात पाहिलंत. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

आपण उन्हातून पळत गेलो. तुम्ही पुढे, माझा हात ओढत. आणि मी सगळा रस्ता आईला हे कसं सांगायचं ते मनात जुळवत होते. पिनपासून सुरुवात करायची की एकदम चाक फिरलं ते सांगायचं. वर पोचलो तर खिडकीकडून तिसऱ्या खाटेला हिरवा पडदा लावलेला. आत्या खाटेशी जमिनीवर बसली होती. पनवेलची म्हातारी उठून बसली होती, तिने मला जवळ ओढलं. तिच्याच तोंडून मी ऐकलं. चार वाजता माणसं आत यायला लागली तशी आई दाराकडे बघत होती. "माझी आली का?" असं दोनदा विचारलं तिने. मग घाम आला, नर्स धावली, डॉक्टर आले. सव्वाचारच्या पुढे काहीतरी. म्हातारीने हे वाईट मनाने सांगितलं नाही. तिला वाटलं, आपल्याला कळायला हवं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी काय केलं ते पूर्ण माहीत नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी कोंडाण्याची मामी माझ्या केसांना तेल लावत होती. तिने विचारलं, "त्या दिशी तुमी कुठं होता गं?" मी सगळं सांगितलं. पिन, हातोडी, मिस्त्री, टाळ्या. मला कुणाला तरी सांगायचंच होतं, आईला सांगायचं राहिलेलं. फक्त मी फरशीवर बसले होते, तेवढं मी सांगितलं नाही. मुद्दाम सोडलं. दहा वर्षांच्या मुलीला काय कळतं असं लोक म्हणतात. मला कळत होतं. बाराव्याला सगळे ओटीवर बसलेले असताना मामा उभा राहिला आणि तुमच्याकडे बोट करून म्हणाला, "माझी बहीन तिकडं जीव सोडत होती, आनि ह्यो मानूस खेळनी दुरुस्त करत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हनं." सगळी माणसं तुमच्याकडे बघायला लागली. मी दाराच्या आड होते. तुम्ही मान वर केलीत, तुमची नजर दारापर्यंत आली, माझ्यावर थांबली. मला वाटलं, आता सांगतील. तुम्ही म्हणालात, "हो. थांबलो मी." एवढंच. मामा जेवला नाही, तसाच निघून गेला. कोंडाण्याचं दार आपल्याला बंद झालं.

चौदा वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही स्वतः पत्रिका घेऊन मामाच्या घरी गेलात आणि तो आतून बाहेर आला नाही. संध्याकाळी तुम्ही मोरीत हात धूत होतात, साबणाची पूड लावून बोटांमधलं ग्रीस काढत. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी जाते मामाकडे. सांगते त्याला." "काय सांगशील?" "मी थांबायला लावलं ते." तुम्ही हात धुणं थांबवलं नाही. "दहा वर्सांची होतीस तू. तू थांब म्हनालीस, पन थांबलो मी." मी काही बोलणार तर तुम्ही वळलात. "आनि मला पन ती चालू झालेली बघायची होती. हे कोनाला सांगितलं नाय मी." मग टॉवेलला हात पुसत, जरा रागावूनच म्हणालात, "मानसाची बहीन गेली. त्याला कोनावर तरी राग धरायला लागतोय. माझ्यावर धरतोय, धरू दे. तुझ्यावर नको. आनि पुन्हा हा विषय घरात काढायचा नाय." मी काढला नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मामा आला होता, अंगणात लांब उभा राहिला आणि गेला. तेव्हाही मी गप्प राहिले.

मागच्या आठवड्यात मी वरच्या मजल्यावर गेले. आता सगळीकडे एसी आहे, दिवे बदललेत, ते कपाट नाही. तिथल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "ते जुनं मॉडेल खाली गोदामात असेल मॅडम. नक्की माहीत नाही." बाकावर एक माणूस दवाखान्याची फाइल मांडीवर घेऊन बसला होता, बाजूला मुलगा झोपलेला. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि साडेतीन वाजता उठले. पाचला सुटणाऱ्या पोरीसाठी चारच्या आतच फाटकाशी जाऊन उन्हात उभी राहिले. ती बाहेर आली, म्हणाली, "आई, तू इथेच होतीस का सगळा वेळ? चेहरा बघ तुझा." मी तिला सगळं सांगितलं, येताना गाडीत. फरशीवर बसले होते तेही. ती म्हणाली, "मामाआजोबा आहेत ना अजून? मग मला काय सांगतेस?"

म्हणून काल कोंडाण्याला गेले. मामा आता खूप थकलाय, ओटीवरच्या खाटेवर असतो. मी खाली बसून सांगितलं, मोठ्याने, कारण त्याला कमी ऐकू येतं. त्याची सून हातातलं काम सोडून ऐकत होती, तरी सांगितलं. तो ऐकून घेत होता. मला वाटलं, आता रडेल किंवा हाकलून देईल. तो म्हणाला, "ती महिनाभर आजारी होती. दवाखान्यात मी एकदा गेलो. एकदाच. लावनीच्या आधीची कामं होती, उद्या जाऊ, परवा जाऊ." मग छताकडे बघत म्हणाला, "मला तोंड नव्हतं गं कोनाला दाखवायला. तुझा बाप समोर बसला होता." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्याला राग होता का माझा?" मी म्हटलं, "नव्हता." तो म्हणाला, "तेच वाईट झालं." निघताना त्याने सुनेला सांगून मला पिशवीभर करवंदं दिली. ती आत्ता माझ्यासमोर ताटलीत आहेत आणि तुमची नात ती खात खात अभ्यास करतेय.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं होतं की आता हलकं वाटेल. थोडं वाटतंय. हा कागद मी घडी घालून कपाटात ठेवीन, किंवा फाडून टाकीन, अजून ठरवलं नाही. पण मामाला सांगितलं नाही, पोरीलाही नाही, असं एक राहिलंय, आणि ते तुम्हालाच सांगता येईल. तो दिवस आठवला की माझ्या डोळ्यांसमोर आधी तुमचं हसणं येतं, दादा, आणि आई नंतर येते. इतकी वर्षं मी हे उलटं करायचा प्रयत्न केला. होत नाही.